ॲक्सिलेटर अडकतो तेव्हा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला फोन केला आणि म्हणाले, तू दहा-पंधरा मिनिटं बोल. मी विचारलं, कशावर? तर म्हणाले, आयुष्यात काय शिकलास त्यावर. मी म्हटलं, बाबांनो, इथे डॉक्टर आहेत, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आहेत, दोघी-तिघी मुख्याध्यापिका झाल्यात. मी गॅरेजवाला. मी बोललो तर फियाटच्या ॲक्सिलेटरवर बोलेन. तिकडून उत्तर आलं, चालेल. तेव्हा आता तक्रार करायची नाही.

विषय मुद्दाम निवडलाय. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपल्यातल्या चार-पाच जणांकडे अजून जुन्या गाड्या आहेत, त्यांना उपयोग होईल. दुसरं कारण शेवटी सांगतो. ते माझ्या एका चुकीचं आहे, आणि ज्याच्याशी ती संबंधित आहे तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच सांगणार आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. आपण शाळेत असताना रस्त्यावर काळी-पिवळी दिसली की ती फियाटच असायची. ती बनायची आपल्यापासून फार लांब नाही, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिथे 1100 मॉडेल तयार व्हायला लागलं. 1964 मध्ये डिलाइट आली. 1974 पासून त्याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडर, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे आपण ज्याला हँडल गिअर म्हणायचो तो. नाव बदललं तरी आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणत राहिले.

आता आपली दहावी आठवा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि मार्चमध्ये आपली परीक्षा. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात आपल्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांचे वडील. भोंगे बंद झाल्यामुळे पहाटे जाग यायची नाही, म्हणून आपल्या आया घड्याळाला चावी देऊन उशाशी ठेवायच्या, हे मला अजून आठवतं. निकाल लागला तेव्हा संप सुरूच होता. मला गुण बरे होते, पण अकरावीचा प्रश्नच नव्हता. करी रोडच्या एका गल्लीत फुटपाथला लागून एक छोटं गॅरेज होतं. तिथे मी हेल्पर म्हणून लागलो. सुरुवातीचे सहा महिने काम काय, तर नटबोल्ट घासलेटमध्ये धुवायचे आणि उस्तादांच्या हातात मागतील तो पाना द्यायचा.

तिथे येणाऱ्या गाड्यांत टॅक्स्या जास्त. आणि टॅक्सीवाल्यांत आपल्याच चाळींतले, गिरणी सुटलेले लोक हळूहळू वाढत गेले. लायसन्स काढायचं, मालकाची टॅक्सी पाळीवर घ्यायची, रोजचं भाडं मालकाला द्यायचं, पेट्रोल आपलं, उरेल ते घरी. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली तर त्या दिवशी घरी काही जायचं नाही. त्यामुळे दुरुस्ती पटकन हवी असायची, आणि तीही स्वस्तात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ विषयाकडे येतो. आपण ॲक्सिलेटरवर पाय दाबतो तेव्हा नेमकं काय होतं? पुष्कळ लोकांना वाटतं की आपण पेट्रोल सोडतो. तसं नाही. आपण हवेचा दरवाजा उघडतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पितळेची एक गोल चकती असते, तिला आम्ही बटरफ्लाय म्हणतो. ती एका बारीक दांडीवर फिरते. ती मिटलेली असते तेव्हा इंजिनाला अगदी थोडी हवा मिळते आणि ते हळू चालतं, त्याला आम्ही स्लो म्हणतो. ती उघडली की हवा जोरात आत जाते आणि जाता जाता जेटमधून आपल्यापुरतं पेट्रोल ओढून नेते. म्हणजे पाय आणि इंजिन यांच्यामधला सगळा व्यवहार एवढ्याच चकतीचा.

पण पाय असतो केबिनमध्ये आणि चकती असते बॉनेटखाली. दोघांच्या मध्ये एक साखळी लागते. पॅडल, त्याच्यामागचा लिव्हर, मग पत्र्यातून पलीकडे जाणारी सळी किंवा केबल, मधला आणखी एक लिव्हर, सांध्यांना गोळी आणि वाटी किंवा कॉटर पिन, आणि शेवटी कार्ब्युरेटरच्या दांडीवरचा छोटा लिव्हर. शिवाय पाय उचलल्यावर सगळं जागेवर आणणारी स्प्रिंग. या सगळ्याला इंग्रजीत थ्रॉटल लिंकेज म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला काही खास नाव नाही. ‘ॲक्सिलेटरचं कनेक्शन’ म्हणतात आणि कोणी फारसं लक्ष देत नाही. कारण त्यात महाग असं काहीच नसतं.

सर, तुम्ही सातवीत की आठवीत आम्हाला तरफ शिकवली होती. टेकू, बल आणि भार. फळ्यावर कात्री काढली होती, अडकित्ता काढला होता, चिमटा काढला होता. मी तेव्हा ते पाठ केलं आणि विसरलो. पण ॲक्सिलेटरचं हे कनेक्शन म्हणजे एकामागे एक लावलेल्या तरफा आहेत, दुसरं काही नाही. लिव्हरला दोन भोकं असतील आणि सळी चुकून टेकूजवळच्या भोकात लावली, तर पाय तेवढाच दाबून चकती कमी किंवा जास्त फिरणार. पिकअप गेला म्हणून लोक इंजिन उतरवायला निघतात, आणि प्रत्यक्षात सळी एका भोकाने सरकलेली असते.

आता यात बिघाड कसे होतात ते सांगतो. सगळे बिघाड शेवटी तीनच तक्रारींच्या रूपाने समोर येतात. एक, पाय उचलला तरी रेस उतरत नाही. दोन, पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही. तीन, स्लो स्थिर राहत नाही, कधी वर कधी खाली. आणि तिन्ही वेळा पहिला संशय कार्ब्युरेटरवर घेतला जातो. कार्ब्युरेटर उघडला की पाच-पन्नास बारीक भाग बाहेर पडतात, मिस्त्री काम करताना दिसतो, गिऱ्हाईकाला पैसे द्यायला काही वाटत नाही. सळीला दोन थेंब तेल घालण्याचे पैसे कोण देणार?

आमच्या उस्तादांचा नियम उलटा होता. ते म्हणायचे, आधी पाय बघ, मग सळी बघ, मग स्प्रिंग बघ, आणि कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी. हा क्रम मी चाळीस वर्षं पाळतोय. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हवं तर लिहून घ्या.

इंजिन बंद ठेवायचं. गाडीत बसून हाताने पॅडल दाबायचं, पायाने नाही. पायाला बारीक अडथळा कळत नाही, हाताला कळतो. पॅडल एकसारखं खाली जातं का, मध्येच अडतं का, सोडल्यावर झटकन वर येतं का, हे पाहायचं. आणि पॅडलखालचं मॅट आधी उचलून बाजूला ठेवायचं. हसू नका. दुप्पट जाडीचं नवं मॅट टाकल्यामुळे ॲक्सिलेटर अडकलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात. पॅडल पूर्ण खाली जात नाही, किंवा मॅटची कड वर येऊन त्याला धरून ठेवते. फुकटात दुरुस्ती होते.

मग बॉनेट उघडायचं. एकाने आत बसून पॅडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने कार्ब्युरेटरचा लिव्हर पाहायचा. पूर्ण दाबल्यावर चकती पूर्ण उघडली पाहिजे आणि सोडल्यावर स्लोच्या स्क्रूला येऊन टेकली पाहिजे. एक मिलिमीटरही लांब राहता कामा नये. जुन्या गाडीत पॅडल तळाला टेकलेलं असतं आणि चकती मात्र पाऊणच उघडलेली असते, असं नेहमी दिसतं. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी झीज होते. गोळी झिजते, वाटी सैल होते, भोक लंबगोल होतं. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलिमीटर गेला तरी सहा सांधे मिळून तीन मिलिमीटर गेले. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर तीन मिलिमीटर म्हणजे खूप झाले.

त्यानंतर सळी कार्ब्युरेटरपासून सोडवायची. आता साखळीचे दोन भाग झाले. कार्ब्युरेटरचा लिव्हर बोटाने फिरवून पाहा, आणि पॅडल वेगळं दाबून पाहा. जो भाग जड जातो, दोष त्यात. लिव्हर हलका आणि पॅडल जड, तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारण नाही. पॅडल हलकं आणि लिव्हर जड, तर चकतीची दांडी अडकतेय. आतला काळा थर घासलेटने धुवून पाहा. आणि दांडी हाताने वर-खाली हलली, म्हणजे तिचा बुश झिजलाय. तिथून इंजिन चोरून हवा ओढतं आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. स्क्रू फिरवून फिरवून माणूस थकतो. मी स्वतः थकलोय.

हे सगळं तपासताना चोककडेही एकदा पाहून घ्यायचं. चोक ओढला की स्लो वाढावा अशी सोय असते. त्याची तार गंजून पूर्ण परत गेली नाही, तर रेस चढलेलीच राहते आणि आपण उगाच ॲक्सिलेटरला दोष देतो. टॅक्स्या पुढे सीएनजीवर गेल्या तेव्हा कार्ब्युरेटरच्या तोंडावर गॅसचा मिक्सर बसला, रबरी पाइप आले, आणि एखादा पाइप नेमका लिव्हरच्या वाटेत यायला लागला. चालू गाडीत कंपनाने तो सरकायचा आणि लिव्हरला अडवायचा. गाडी गॅरेजमध्ये उभी केली की पाइप जागेवर आणि सगळं ठीक.

सांध्यांना तेल पातळ, दोनच थेंब. जाड ग्रीस नको, त्याला मुंबईची धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत त्याची पुटी होते. कॉटर पिन तुटली तर नवी कॉटर पिन लावा, तिची किंमत चहाहून कमी आहे. तिच्या जागी तार पिळून लावू नका.

आणि शेवटी स्प्रिंग. इथे मला 1984 सालात जावं लागतं.

तेव्हा मला गॅरेजमध्ये दोन वर्षं झाली होती आणि मला सगळं येतं असं मला वाटायला लागलं होतं. आपल्या वर्गातल्या एकाचे वडील, मी त्यांना काका म्हणायचो, संपापूर्वी गिरणीत साच्यावर होते आणि आता पाळीवर टॅक्सी चालवत होते. एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, रेस उतरत नाही रे, पाय उचलला तरी गाडी ढकलत राहते. उस्ताद बाहेर गेले होते. मी बॉनेट उघडलं, पाहिलं तर स्प्रिंग ताणून लांब झालेली. दोष बरोबर ओळखला. पण तशी स्प्रिंग गॅरेजमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी आणायची म्हणजे काकांचा दिवस बुडणार. मी डब्यातून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची जाड स्प्रिंग काढली. ती जरा आखूड होती, म्हणून लिव्हरच्या दुसऱ्याच भोकात अडकवली. इंजिन चालू केलं, थोडी रेस दिली, सोडली. रेस छान उतरली. काका खूश झाले, पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत. स्वतःवर खूश झालो.

एक गोष्ट केली नाही. पॅडल पूर्ण दाबून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका तीन प्रवासी घेऊन भारतमाताकडून करी रोडच्या पुलावर चढत होते. भर गाडी, चढ, दुसरा गिअर. त्यांनी पाय पूर्ण दाबला. पूल चढला, उतार लागला, पाय उचलला, आणि रेस उतरली नाही. पूर्ण उघडी राहिली. खाली दुपारची शाळा भरायची वेळ, मुलं रस्ता ओलांडत होती. काकांनी क्लच दाबला तसं इंजिन किंचाळायला लागलं. त्यांनी घाबरून क्लच सोडला नाही, ब्रेक दाबून धरला आणि चावी बंद केली. गाडी डाव्या कडेला घासत जाऊन एका केळीवाल्याच्या हातगाडीवर थांबली. माणसाला, पोराला कुणाला खरचटलं नाही. हातगाडीचं चाक मोडलं, केळी रस्त्यावर, आणि टॅक्सीचा पुढचा दिवा फुटला.

टॅक्सी ओढून गॅरेजमध्ये आणली. उस्तादांनी मला विचारलं, काल काय केलंस? आणि मी म्हणालो, स्प्रिंग टाकली, पण कार्ब्युरेटरमध्येच काहीतरी असेल. उस्तादांनी कार्ब्युरेटर उतरवला. तासभर तो उघडून साफ करत होते. मी शेजारी उभा राहून त्यांना पाने देत होतो. मला तोपर्यंत कळलं होतं. मी बोललो नाही.

कार्ब्युरेटर परत बसवल्यावर उस्ताद मला म्हणाले, आत बस, पॅडल दाब. पूर्ण. मी दाबलं. बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज आला. पाय उचलला, पॅडल खालीच राहिलं.

काय झालं होतं ते सांगतो. घरातलं जुनं काळं विजेचं बटण आठवा. ते मध्यापर्यंत दाबलं आणि सोडलं तर मागे येतं. मध्य ओलांडला की तीच स्प्रिंग त्याला दुसऱ्या बाजूला खेचते. माझ्या स्प्रिंगचं तसंच झालं. चुकीच्या भोकात लावल्यामुळे, लिव्हर पूर्ण फिरला की स्प्रिंगची रेषा टेकूच्या पलीकडे जायची. मग जी स्प्रिंग चकती मिटायला लावली होती तीच तिला उघडी धरून ठेवायची. अर्ध्या दाबात ही गोष्ट दिसतच नाही. शहरात रोज आपण अर्धाच दाबतो. चढावर, भरल्या गाडीत पूर्ण दाबतो, आणि नेमकं तेव्हाच ती कळते.

सर, टेकू कुठे आहे आणि बल कुठल्या बाजूने लागतंय, एवढंच पाहायचं होतं. तुम्ही शिकवलं होतं.

हातगाडीचे आणि दिव्याचे पैसे उस्तादांनी दिले आणि माझ्या पगारातून हळूहळू कापले. काकांना त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी काकांना काही सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. काका मात्र त्यानंतरही गाडी आमच्याकडेच आणायचे. काम काहीही असो, जाताना ते एक गोष्ट करायचे. गाडीत बसून, बॉनेट उघडं ठेवायला लावून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचे आणि मला म्हणायचे, बघ रे पोरा, सोडल्यावर येतो का जागेवर. मला वाटायचं, बिचारे घाबरलेत, म्हणून सवय लागली.

आता अलीकडचं. गेल्या दिवाळीच्या आसपास काकांच्या मुलाचा, म्हणजे आपल्या या मित्राचा फोन आला. काकांनी पुढे स्वतःसाठी एक वापरलेली पद्मिनी घेतली होती, टॅक्सी नव्हे, घरची गाडी. काका गेल्यावर ती याच्याकडे आली. तक्रार अशी की गाडी पहिल्या गिअरमध्ये उड्या मारते. उभी असताना स्लो अगदी बरोबर, घड्याळासारखं. गिअर टाकून क्लच सोडला की हिसके. दोन ठिकाणी दाखवली, दोनदा कार्ब्युरेटर बदलला, आता भंगारात काढा म्हणतात.

मी गेलो. उस्तादांच्या क्रमाने पाहिलं. पॅडल ठीक, सांधे बरे, स्प्रिंग बरोबर जागी, चकती हलकी. मग विचार केला, उभी असताना दोष नाही आणि निघताना आहे, तर निघताना काय हलतं? इंजिन हलतं. इंजिन गाडीच्या अंगाला घट्ट जोडलेलं नसतं, ते रबरांवर बसवलेलं असतं. आम्ही त्याला फाउंडेशन म्हणतो. पॅडल आणि मधले लिव्हर गाडीच्या अंगावर, कार्ब्युरेटर इंजिनवर, आणि सळी दोघांच्या मध्ये. मी दोन्ही हातांनी इंजिन एका बाजूला ढकललं, तर ते भलतंच हललं, आणि पॅडलला कोणी हात न लावता कार्ब्युरेटरचा लिव्हर उघडला. फाउंडेशनचं रबर फाटून लोंबत होतं. क्लच सोडला की इंजिन पिळायचं, पिळताना सळी खेचायचं, रेस वाढायची, आणखी पिळायचं, मग परत यायचं. त्याच उड्या. दोन्ही गॅरेजमध्ये गाडी उभी करून ट्यूनिंग केलं होतं, त्यामुळे दोष दिसलाच नाही.

नवं रबर मिळवायला मात्र हिंडावं लागलं. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून नकार आले. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात जोडी मिळाली. बसवायला एक दुपार लागली. जुनाच कार्ब्युरेटर त्याने जपून ठेवला होता, तो परत लावला. आज सकाळी तो त्याच गाडीतून आलाय. खाली उभी आहे, नंतर पाहा.

त्या दुपारी काम झाल्यावर मी त्याला 1984 चं सगळं सांगितलं. स्प्रिंग मी लावली होती, आणि तासभर गप्प उभा राहिलो होतो, हेही. तो म्हणाला, मला माहीत आहे. बाबांनी त्याच रात्री घरी सांगितलं होतं. आई चिडली होती, जाऊन त्या पोराला विचारा म्हणाली. बाबा म्हणाले, त्याला कळलंय. त्याचाही बाप घरी बसलाय, आता बोललो तर उस्ताद काढून टाकेल. मी जाईन तेव्हा त्याला दर वेळी पूर्ण दाबून बघायला लावीन.

म्हणजे ती सवय काकांची नव्हती. ती मला लावत होते.

मित्रांनो, ही झाली माझी चूक. काकांपुढे बोलायला हवं होतं ते इथे बोललो, कारण आता तेवढंच शक्य आहे.

आता जाता जाता एक कामाची गोष्ट, आणि ही जुन्या गाडीसाठीच नाही. चालत्या गाडीचा ॲक्सिलेटर अडकला तर काय करायचं? वाकून पॅडल ओढायला जाऊ नका, नजर रस्त्यावरच ठेवा. क्लच दाबा किंवा गिअर न्यूट्रल करा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. इंजिन गेलं तर गेलं, माणूस राहिला पाहिजे. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पंप मारत बसू नका. कडेला घ्या, आणि मग चावी बंद करा. चावी इंजिन बंद होण्यापुरतीच फिरवा, गाडी थांबायच्या आधी बाहेर काढू नका, नाहीतर स्टिअरिंगला लॉक बसेल. पुलावर काकांनी जवळपास हेच केलं होतं, आणि त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. आता ज्या पद्मिनी उरल्यात त्या हौसेच्या. नव्या गाड्यांत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये सळीही नसते, तार आणि सेन्सर असतो. माझ्या मुलाला सळीचं काम शिकायची गरज पडणार नाही. पण माझ्याकडे अजून दोन हेल्पर आहेत, दोघेही विशीतले. गाडी कुठलीही असो, काम झालं की मी त्यांना आत बसवतो आणि सांगतो, पूर्ण दाब, मग सोड, आणि जागेवर येतो का बघ.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी जेवणाआधी खाली या. बॉनेट उघडून दाखवतो. सर, तुम्हीही या. तरफ कुठली आणि टेकू कुठे ते मी तुम्हाला दाखवेन, चुकलो तर तुम्ही सांगा.